दाखल आहे, खारीज नाही

मेहकर तालुक्यात शाळेचं दाखल-खारीज रजिस्टर म्हणजे काय, हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. जात पडताळणीचं प्रकरण निघालं की पणजोबांची शाळा आठवते, मुख्याध्यापकांकडे अर्ज जातो, तहसील कचेरीतून कोतवाल बुकाची नक्कल काढली जाते. २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीचं काम सुरू झालं आणि कुणबी नोंदींसाठी जुनी दप्तरं उघडली, तेव्हा तर मोडी वाचता येणाऱ्यांना एकाएकी भाव आला. एरवी ज्या वह्यांकडे कुणी ढुंकून पाहत नव्हतं, त्यांच्या पानांवरून माणसं बोट फिरवू लागली. दाखल-खारीज रजिस्टरात शेवटाकडे एक रकाना असतो, शाळा सोडल्याच्या कारणाचा. ‘परगावी गेला’, ‘सतत गैरहजर’ यापलीकडे त्यात सहसा काही नसतं.

युरोपातल्या ज्यू शाळकरी मुलांच्या बाबतीत हाच रकाना भरण्याचं काम गेली ऐंशी वर्षं चाललं आहे. नाझी राजवटीने सुमारे साठ लाख ज्यूंना मारलं, त्यांत पंधरा लाखांच्या आसपास मुलं होती, हे आकडे पाठ्यपुस्तकांत येतात. त्यांतलं एकेक मूल कोण, कुठल्या गल्लीतलं, कुठल्या दिवशी कुठे गेलं, हे शोधायचं तर मात्र त्या मुलांना मारणाऱ्या यंत्रणेच्याच वह्या चाळाव्या लागतात. त्या वह्या मुलांची आठवण राहावी म्हणून लिहिलेल्या नव्हत्या. कुणी पाव वाटण्यासाठी लिहिल्या, कुणी कामगार मोजण्यासाठी, कुणी माणसं गाडीत भरण्यासाठी. त्यामुळे एकटी वही खरं बोलेलच असं नाही. वेगवेगळ्या कामांसाठी लिहिलेले दोन कागद एका नावावर येऊन जुळले, तरच त्या मुलाबद्दल काही ठामपणे म्हणता येतं.

या शोधाचं सर्वांत मोठं क्षेत्र म्हणजे पोलंडमधलं वूच, आपल्याकडच्या पुस्तकांत ज्याला लोड्झ म्हणतात ते शहर. कापडगिरण्यांचं, मजुरांचं गाव. सप्टेंबर १९३९ मध्ये ते जर्मनांच्या हाती पडलं आणि पुढच्या वर्षी त्याचं नाव लिट्झमनश्टाट झालं. फेब्रुवारी १९४० मध्ये शहराच्या सर्वांत दरिद्री भागात ज्यूंसाठी घेट्टो जाहीर झाला आणि एप्रिलच्या अखेरीस तो कुंपणाने बंद करण्यात आला. जेमतेम चार चौरस किलोमीटर जागेत सुमारे १ लाख ६० हजार माणसं कोंडली गेली. त्यांच्यावर जर्मनांनी नेमलेला ज्यू प्रमुख होता खाईम रुमकोव्स्की. युद्धापूर्वी तो एक अनाथालय चालवायचा. ‘काम करत राहू, तर जगू’ या एका हिशेबावर त्याने अख्खा घेट्टो म्हणजे जर्मन लष्कराचा कारखाना करून टाकला.

आश्चर्य असं, की या कोंडवाड्यात पहिली दीड वर्षं शाळा भरत होत्या. शाळेत सूप मिळायचं, त्यामुळे आईबापही मुलांना पाठवत. सप्टेंबर १९४१ मध्ये ज्यू नववर्षाच्या निमित्ताने शाळांनी रुमकोव्स्कीला शुभेच्छांचा एक अल्बम भेट दिला. त्यात चौदा हजारांहून जास्त विद्यार्थ्यांच्या आणि सातशेवर शिक्षकांच्या सह्या आहेत. सत्ताधीशाला खूश करण्यासाठी केलेली ही भेट आज वेगळ्याच कारणासाठी अमोल ठरली आहे. एका ठरावीक महिन्यात घेट्टोतली कोणती मुलं जिवंत होती आणि शाळेत जात होती, याचा तो पुरावा आहे, आणि तोही मुलांच्या स्वतःच्या हस्ताक्षरात. काही आठवड्यांतच बर्लिन, व्हिएन्ना, प्राग, फ्रँकफुर्ट, लक्झेंबर्ग इथून आणखी वीस हजार ज्यू या घेट्टोत आणून टाकण्यात आले. त्यांना ठेवायला शाळांच्याच इमारती घेतल्या. शाळा बंद पडल्या, त्या कायमच्या.

वॉशिंग्टनच्या होलोकॉस्ट स्मृती संग्रहालयाने या सह्यांवरून मुलांचा माग काढण्याचा प्रकल्प हाती घेतला आणि त्यात देशोदेशींच्या शाळकरी विद्यार्थ्यांनाही सामील करून घेतलं. काम ऐकायला सोपं वाटतं. अल्बममधलं नाव घ्यायचं आणि घेट्टोच्या यादीत शोधायचं. पण एकच सही हातात घेऊन बसलं, की पेच कळतो.

समजा, पानावर एका मुलीची सही आहे. आडनाव पूर्ण, पहिल्या नावाचं मात्र एकच अक्षर. लिपी कधी लॅटिन, कधी यिद्दिशसाठी वापरली जाणारी हिब्रू. शाळेत पोलिश वळणाने ‘रेगिना’ म्हणवणारी मुलगी घरच्या कागदांवर ‘रिवका’ असू शकते, ‘इग्नात्सी’ हा ‘इत्झाक’ असू शकतो. जर्मन कारकुनाने तेच आडनाव जर्मन वळणाने लिहिलेलं. त्यात एकाच आडनावाची दोन-तीनशे माणसं. वर्ग माहीत असेल तर वयाचा अंदाज बांधता येतो, म्हणजे जन्मवर्षाची दोन-तीन वर्षांची खिडकी मिळते. त्या खिडकीत बसणाऱ्या मुली पाच निघाल्या, तर शाळेजवळच्या रस्त्यावर राहणारी कोण, हे पाहायचं. तरी दोन उरल्याच, तर तिथे थांबायचं. ‘बहुधा हीच’ म्हणून एका मुलीच्या नावावर दुसरीचं मरण चढवणं, हा या कामातला सर्वांत मोठा धोका आहे, आणि उत्साही स्वयंसेवकांच्या हातून तोच आधी घडतो.

पडताळणीसाठी मुख्य आधार आहे घेट्टोच्या रहिवाशांची यादी. घरवार नोंदवह्यांवरून तयार झालेली ही यादी १९९४ मध्ये याद वाशेम ही जेरुसलेमची होलोकॉस्ट स्मृतिसंस्था आणि इस्रायलमधल्या वूचच्या माजी रहिवाशांच्या संघटनेने पाच खंडांत छापली. नाव, जन्मतारीख, व्यवसाय, पत्ता, आणि शेवटी जर्मन भाषेतला एक आखूड शेरा. मृत्यू झाला असेल तर तारीख. ‘बाहेर वसवले’ असा अर्थ असलेला संक्षेप असेल, तर त्या पुढे रवानगीच्या तुकडीचा क्रमांक. कुटुंब एकाच घरात नोंदलेलं असल्यामुळे वरखाली पाहिलं की आई, बाप, भावंडं दिसतात. कधी चारांतल्या तिघांसमोर एकच तारीख असते आणि चौथ्यासमोर काहीच नसतं. या यादीशिवाय कामाची ओळखपत्रं आहेत, त्यांतल्या कित्येकांवर फोटो आहेत. दहा-बारा वर्षांच्या पोराचा, कॉलर नीट बसवलेला, कामगार म्हणून काढलेला फोटो.

‘बाहेर वसवले’ म्हणजे काय, हे त्या वहीत लिहिलेलं नाही. ते दुसऱ्या कागदांवरून कळतं. १६ जानेवारी १९४२ पासून मे महिन्यापर्यंत वूचमधून पन्नास हजारांहून जास्त ज्यू खेल्मनो या खेड्याकडे नेले गेले. तिथे डिसेंबर १९४१ पासून बंद ट्रकमध्ये धूर सोडून माणसं मारली जात होती. खेल्मनोला आत येणाऱ्यांची नोंद ठेवलीच जात नव्हती. म्हणून त्या तारखांच्या तुकडीत ज्या मुलाचं नाव आहे, त्याच्या मृत्यूचा दाखला जगात कुठेही मिळत नाही. तो तुकडीच्या तारखेवरूनच काढायचा. घेट्टोतल्या लोकांना खरं काय ते कळायलाही कागदच कारण झाले. जवळच्या पाबियानित्से गावच्या गोदामात वापरलेल्या कपड्यांचे ढिगारे वर्गवारीसाठी येऊ लागले, तेव्हा काही खिशांत वूचच्याच माणसांची ओळखपत्रं सापडली.

मग सप्टेंबर आला. जर्मनांनी दहा वर्षांखालची मुलं, पासष्टीवरचे म्हातारे आणि आजारी माणसं मागितली. ४ तारखेला रुमकोव्स्कीने भर चौकात उभं राहून आईबापांना मुलं देऊन टाकायला सांगितलं. ५ ते १२ सप्टेंबर १९४२ घराबाहेर पडायला बंदी होती. त्या आठवड्यात पंधरा हजारांहून जास्त माणसं नेली गेली. घेट्टोच्या पोलिसांची, अग्निशामक जवानांची आणि वरच्या अधिकाऱ्यांची मुलं मात्र यातून वगळली होती, कारण हीच माणसं घराघरांतून मुलं बाहेर काढायला मदत करणार होती. याद्या वाचणाऱ्याला हे वगळणं थेट दिसतं. एकाच इमारतीत, एकाच वयाच्या दोन मुलांपैकी एकासमोर सप्टेंबर १९४२ आहे, दुसऱ्यासमोर ऑगस्ट १९४४. त्या दोन वर्षांची किंमत बापाच्या हुद्द्याने भरलेली असते. होलोकॉस्टवरच्या लिखाणात बळी आणि मारेकरी अशी सरळ वाटणी करायची सवय आहे. या नोंदी वाचल्या की ती सवय टिकत नाही.

दहा वर्षांची ही रेघ एकदा पडली, की जन्मतारखांवरचा भरवसा गेला. आईबापांनी मुलांची वयं वाढवून लिहून घेतली, कारण कारखान्यात काम असलेलं मूल वाचण्याची थोडी तरी शक्यता होती. आपल्याकडे अर्ध्या पिढीचा वाढदिवस १ जूनला येतो, कारण शाळेत नाव घालताना गुरुजींनी तीच तारीख टाकली. तिथे तारीख बदलण्यामागे सोय नव्हती, जीव होता. याचा परिणाम आजच्या शोधावर होतो. अल्बममधल्या वर्गावरून जे मूल आठ वर्षांचं असायला हवं, ते १९४३ च्या कामगार यादीत बारा वर्षांचं निघतं. संगणक अशा दोन नोंदी दोन वेगळी मुलं म्हणून बाजूला ठेवतो. आईचं नाव आणि घराचा पत्ता जुळतो का, हे डोळ्यांनी पाहणारा माणूसच त्या एकत्र आणू शकतो.

दाविद सिएराकोव्याक नावाचा मुलगा १९४१ मध्ये घेट्टोतल्याच शाळेतून उत्तम गुणांनी उत्तीर्ण झाला. १९२४ चा जन्म. तो रोजनिशी लिहायचा, आणि युद्धानंतर त्याच्या राहत्या खोलीत काही वह्या सापडल्या. सप्टेंबर १९४२ मध्ये तपासणीसाठी आलेल्या डॉक्टरांनी त्याच्या आईला आजारी ठरवलं आणि ती नेली गेली. यादीत ही एक ओळ आहे, रोजनिशीत ती दुपार आहे. वडील मार्च १९४३ मध्ये गेले. दाविदची शेवटची नोंद एप्रिल १९४३ मधली. ८ ऑगस्टला क्षयाने तो वारला, हे मात्र वही सांगू शकत नव्हती, ते घेट्टोच्या मृत्युनोंदीने सांगितलं. इथे दोन्ही कागद एकमेकांना पूरक ठरले.

रिवका लिपशित्सच्या बाबतीत तसं झालं नाही. १९२९ मध्ये जन्मलेली ही मुलगी. आईबाप घेट्टोत गेले, सर्वांत धाकटी दोन भावंडं सप्टेंबर १९४२ मध्ये नेली गेली, मागे उरल्या रिवका आणि बहीण त्सिपका. ऑक्टोबर १९४३ ते एप्रिल १९४४ तिने पोलिश भाषेत वही लिहिली. ऑगस्ट १९४४ मध्ये घेट्टो रिकामा झाला तेव्हा वही तिच्याबरोबर ऑशविट्झला गेली. १९४५ मध्ये लाल सैन्याबरोबर आलेल्या झिनाइदा बेरेझोव्स्काया या डॉक्टर बाईंना ती स्मशानभट्टीजवळ मिळाली. त्यांनी ती सायबेरियातल्या ओम्स्कला नेली आणि जपून ठेवली. २००८ मध्ये त्यांच्या नातीने ती सॅन फ्रान्सिस्कोच्या होलोकॉस्ट केंद्रात आणून दिली, तेव्हा कुठे लिहिणारी कोण, याचा शोध सुरू झाला. घेट्टोच्या यादीत नाव मिळालं. वाचलेल्या चुलत बहिणी इस्रायलमध्ये सापडल्या. त्यांची खात्री होती, की रिवका युद्ध संपल्यावर बेर्गेन-बेल्झन छावणीतच वारली. पण कागद वेगळं बोलले. १९४५ च्या उन्हाळ्यात तिला उत्तर जर्मनीतल्या नीनडॉर्फच्या रुग्णालयात हलवल्याची नोंद निघाली. त्या पुढे मृत्यूचा दाखला नाही, कबर नाही, लग्नाची किंवा प्रवासाची नोंद नाही. २०१४ मध्ये तिची वही पुस्तकरूपाने आली. तिचं पुढे काय झालं, हा रकाना आजही कोरा आहे, आणि संपादकांनी तो कोरा ठेवण्याचा शहाणपणा दाखवला.

ऑशविट्झबद्दल एक गैरसमज सर्वत्र आहे, की तिथे प्रत्येकाच्या हातावर क्रमांक गोंदला जायचा. क्रमांक मिळायचा तो कामासाठी निवडलेल्यांना. लहान मुलं बहुतेक थेट गॅसकोठडीत जात, नोंद न होता. ऑगस्ट १९४४ च्या गर्दीत तर वूचहून आलेल्या, कामाला निवडलेल्या कित्येकांनाही क्रमांक न देता पुढच्या छावण्यांत पाठवलं गेलं. त्यामुळे तिथल्या नोंदीत नाव नसणं म्हणजे मृत्यू, असंही म्हणता येत नाही. स्टुट्टहोफ, ग्रोस-रोझेन, डाखाऊ या छावण्यांच्या याद्या तपासल्याशिवाय ती फाईल बंद करायची नसते.

हे सगळे कागद उरले कसे? त्यामागे घेट्टोतलीच माणसं होती. नोव्हेंबर १९४० मध्ये तिथे अभिलेख विभाग सुरू झाला आणि जानेवारी १९४१ पासून जुलै १९४४ च्या अखेरीपर्यंत एक दैनिक वृत्तांत लिहिला गेला. हवामान, रेशन, जन्म, मृत्यू, आत्महत्या, अफवा, सगळं त्यात आहे. हेन्रिक रोस हा ओळखपत्रांसाठी फोटो काढणारा घेट्टो प्रशासनाचा छायाचित्रकार. त्याने चोरून काढलेल्या हजारो फोटोंच्या निगेटिव्ह १९४४ मध्ये जमिनीत पुरल्या, पुढच्या वर्षी उकरून काढल्या. ओलीने बऱ्याच गेल्या, बाकीच्या राहिल्या. नाखमान झोनाबेंड हा पोस्टमन साफसफाईसाठी मागे ठेवलेल्या काही शे लोकांत होता, त्याने अभिलेखांचा मोठा भाग लपवून वाचवला.

वॉर्साची गोष्ट उलटी आहे. घेट्टो त्याहून कितीतरी मोठा, पण वूचसारखी रहिवाशांची यादी तिथे उरली नाही. इमानुएल रिंगेलब्लुम यांच्या गुप्त गटाने दुधाचे कॅन आणि पत्र्याच्या पेट्यांत कागद पुरले. पेट्या १९४६ मध्ये आणि कॅन १९५० मध्ये सापडले. त्यांत मुलांचे निबंध आहेत, शाळांची वर्णनं आहेत, पण नावानिशी माग काढायला ते पुरत नाही. १८ जुलै १९४२ रोजी यानुश कोर्चाक यांच्या अनाथालयातल्या मुलांनी रवींद्रनाथ ठाकुरांचं ‘डाकघर’ हे नाटक केलं. मरणाची वाट पाहणाऱ्या आजारी मुलाचं हे नाटक कोर्चाक यांनी मुद्दाम निवडलं, असं मानलं जातं. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात सुमारे दोनशे मुलांसह ते ट्रेब्लिंकाच्या मृत्युछावणीत गेले. कोर्चाक यांचं नाव जगाला माहीत आहे, त्यांच्यावर पुस्तकं आणि चित्रपट आहेत. त्यांच्यामागे चाललेल्या मुलांची संपूर्ण यादी मात्र हाती नाही.

चेक भूमीतल्या तेरेझिनमध्ये रवानगीच्या याद्या जवळजवळ पूर्ण टिकल्या. प्रत्येक तुकडीला अक्षरांची खूण, प्रत्येक माणसाला त्यात क्रमांक. तिथे फ्रिडल डिकर-ब्रांडाइस ही चित्रकार मुलांना चित्रकला शिकवायची आणि प्रत्येक चित्रावर नाव घालायला लावायची. १९४४ च्या शरदात ऑशविट्झला जाण्यापूर्वी तिने साडेचार हजारांच्या आसपास चित्रं दोन सुटकेसमध्ये भरून ठेवली. आज ती प्रागच्या ज्यू संग्रहालयात आहेत. चित्राच्या कोपऱ्यातलं नाव आणि तुकडीच्या यादीतलं नाव जुळवून बहुतेक चित्रकारांचं पुढे काय झालं ते कळलं आहे. त्यांतल्या थोड्याच जणांनी युद्धाचा शेवट पाहिला.

तेरेझिनमध्ये मुलांचं ‘वेदेम’ नावाचं गुप्त साप्ताहिक चालवणारा पेत्र गिन्झ सोळाव्या वर्षी, सप्टेंबर १९४४ मध्ये ऑशविट्झला गेला. चंद्रावरून पृथ्वी कशी दिसेल याचं त्याने काढलेलं एक चित्र इस्रायली अंतराळवीर इलान रामोन यांनी प्रतीच्या रूपात कोलंबिया यानातून नेलं. याच यानात कल्पना चावला होत्या. १ फेब्रुवारी २००३ रोजी यान कोसळलं, त्या दिवशी पेत्र पंचाहत्तर वर्षांचा झाला असता. बातम्यांत त्या चित्राचा उल्लेख ऐकून प्रागमधल्या एका माणसाला आपल्या घरात पडलेल्या जुन्या वह्या आठवल्या. त्या पेत्रच्या रोजनिशीच्या निघाल्या. अभिलेखागारात दशकानुदशकं शोधूनही जे मिळालं नसतं, ते एका अपघाताने बाहेर आलं. माग काढण्याच्या शास्त्रात अशा नशिबालाही जागा ठेवावी लागते.

शाळेच्या रजिस्टरांवरूनच सुरुवात करून झालेलं काम पाहायचं तर पॅरिसला जावं लागेल. १९७८ मध्ये सर्ज क्लार्सफेल्ड यांनी फ्रान्समधून पाठवल्या गेलेल्या ज्यूंची नावानिशी यादी छापली. कार्बनच्या पातळ, फाटक्या प्रतींवरून त्यांनी ती उतरवली होती. पुढे त्यांनीच अकरा हजारांहून जास्त मुलांचा स्वतंत्र ग्रंथ केला. १६ आणि १७ जुलै १९४२ ला, उन्हाळी सुट्टीच्या तोंडावर, पॅरिसच्या पोलिसांनी १३ हजारांवर ज्यू पकडले, त्यांत ४,११५ मुलं होती. १९९० च्या दशकात शहराच्या विसाव्या विभागातल्या त्लेमसेन रस्त्यावरच्या शाळेच्या नावाने एक समिती उभी राहिली. स्वयंसेवकांनी शाळाशाळांची जुनी रजिस्टरं काढली, क्लार्सफेल्ड यांच्या यादीशी एकेक नाव ताडून पाहिलं आणि शाळांच्या भिंतींवर फलक लावले. हे लोण शहरभर गेलं. मग लक्षात आलं, की शाळेत जाण्याइतकीही मोठी न झालेली बाळं कुठल्याच रजिस्टरात नाहीत. त्यांच्यासाठी बागांमध्ये वेगळे स्तंभ उभारले गेले.

ही सगळी माहिती एकत्र येते ती दोन ठिकाणी. जर्मनीतल्या बाद आरोल्झेन गावी युद्धानंतर उभारलेल्या शोधसेवेत सुमारे पावणेदोन कोटी माणसांच्या नोंदी आहेत. संशोधकांना त्या २००७ नंतरच खुल्या झाल्या, आणि युनेस्कोने २०१३ मध्ये त्यांना जागतिक स्मृतिठेव्याचा दर्जा दिला. जेरुसलेमच्या याद वाशेमने १९५० च्या दशकापासून नातेवाइकांकडून साक्षपत्रं भरून घेतली, २००४ मध्ये नावांचा साठा सर्वांना खुला केला. आज त्यात सुमारे पन्नास लाख नावं आहेत. साक्षपत्राची अडचण अशी, की ते भरायला कुणीतरी वाचलेलं असावं लागतं. अख्खं कुटुंब, अख्खी गल्ली गेली असेल तर त्या मुलासाठी अर्ज भरणारं कुणी नसतं. मोठ्या कुटुंबातल्या मुलासाठी चार नातेवाइकांनी चार पत्रं भरलेली असतात, चार वेगळ्या वयांची.

महाराष्ट्राचा या कथेशी संबंध दूरचा, पण खरा आहे. १९४०-४१ मध्ये सोव्हिएत सत्तेने पूर्व पोलंडमधल्या लाखो लोकांना सायबेरिया आणि कझाकस्तानात हाकललं होतं. जुलै १९४१ च्या करारानंतर त्यांना सुटका मिळाली आणि त्यांतले अनेक इराणमध्ये पोचले. त्यांत ज्यू मुलंही होती. पोटाला मिळावं म्हणून काही आईबापांनी पोटची मुलं अनाथ म्हणून पोलिश अनाथालयांत दाखल केली होती, त्यामुळे त्या नोंदीतला ‘अनाथ’ हा शब्द प्रत्येक वेळी खरा धरता येत नाही. तेहरानमध्ये ज्यू मुलांसाठी वेगळं वसतिगृह झालं. त्यांना पॅलेस्टाइनला न्यायचं होतं, पण इराकने वाट दिली नाही. म्हणून जानेवारी १९४३ मध्ये सातशेहून जास्त मुलं जहाजाने कराचीला आणली गेली आणि तिथून सुएझमार्गे १८ फेब्रुवारीला पॅलेस्टाइनमधल्या अतलितला पोचली. कराची त्याआधी काही वर्षांपर्यंत मुंबई इलाख्यात होतं. मिखाल देकेल या लेखिकेने आपल्या वडिलांचा हाच प्रवास पाच-सहा देशांच्या कागदपत्रांतून शोधून २०१९ मध्ये पुस्तक लिहिलं.

इराणमध्ये पोचलेल्या बाकी पोलिश मुलांपैकी, बहुतांशी कॅथलिक, अनेक जण भारतात आले. पहिली तुकडी १९४२ मध्ये काही महिने मुंबईच्या वांद्र्यात होती, मग नवानगरचे जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांनी बालाचडीला त्यांच्यासाठी छावणी उभारली. १९४३ मध्ये कोल्हापूरजवळ वळिवडे इथे पंचगंगेच्या काठी मोठी वसाहत झाली. सुमारे पाच हजार पोलिश माणसं तिथे राहिली, बायका आणि मुलंच जास्त. बालवाडीपासून माध्यमिक शाळेपर्यंत सगळं पोलिश भाषेत. १९४६ मध्ये बालाचडीची मुलंही तिथेच आली. युद्धानंतर साम्यवादी पोलंडने अनाथ मुलं परत मागितली, तेव्हा त्यांना पाठवावं लागू नये म्हणून काहींचं कायदेशीर पालकत्व जामसाहेबांनी आणि छावणीच्या जबाबदार लोकांनी स्वतःकडे घेतलं. म्हणजे या मुलांच्या कागदांवर नवा पालक आला, आणि आज माग काढणाऱ्याला ते ध्यानात ठेवावं लागतं.

वळिवड्याची मुलं घेट्टोतली नव्हती, त्यांच्यामागे गॅसकोठडी नव्हती, आणि दोन्ही कथा एकाच मापाने मोजणं चूक ठरेल. पण माग काढण्याची रीत तीच आहे. १९४८ मध्ये छावणी बंद झाली आणि मुलं इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, कॅनडा, अमेरिका, पोलंड अशी पांगली. रिकाम्या बराकींत फाळणीनंतर आलेली सिंधी कुटुंबं राहायला गेली, आजचं गांधीनगर ते हेच. एकेकाळच्या मुलांनी लंडनमध्ये संघटना काढून आपला इतिहास स्वतः लिहिला, अनुराधा भट्टाचार्जी यांनी २०१२ मध्ये या शरणार्थींवर सविस्तर पुस्तक केलं. कोल्हापुरात महावीर उद्यानात स्मारक आहे, पोलिश कबरी आहेत. वॉर्सातल्या वळिवडे स्मारकाला पंतप्रधान नरेंद्र मोदींनी ऑगस्ट २०२४ मध्ये भेट दिली.

कागद मात्र अजून विखुरलेले आहेत. पोलिश निर्वासित सरकारचे लंडनमध्ये, ब्रिटिश सरकारचे वेगळीकडे, संस्थानी दप्तर कोल्हापुरात. ते एकमेकांशी ताडून पाहिल्याशिवाय प्रत्येक मुलाचा पत्ता लागणार नाही. वळिवड्यातली एक मुलगी कोल्हापुरातच लग्न करून राहिली. इथल्या रिवाजाप्रमाणे तिचं नाव बदललं, आडनावही बदललं आणि ती मराठी घरात सून म्हणून नांदली. पोलिश यादी घेऊन बसलेल्या माणसाला तिचं सासरचं नाव ठाऊक नसेल, तर त्याच्या हिशेबी तिचा माग १९४८ मध्येच संपतो.